चालत्या यादीला हात लावू नये

आमच्या आतोबांनी आजवर या जगातल्या कोणत्याही गोष्टीवर पहिल्या खेपेला विश्वास ठेवलेला नाही, आणि दुसऱ्या खेपेला ठेवला असेल तर त्याला साक्षीदार नाही. आतोबा म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्याचे यजमान. इंग्लंडात, बेसिंगस्टोकमधल्या एका विमा कंपनीत त्यांनी तीस वर्षं प्रोग्रॅमर म्हणून नोकरी केली आणि मग ते रिटायर झाले. संशय घेण्यातून मात्र ते रिटायर झाले नाहीत, उलट आता पूर्णवेळ तेच करायला मोकळे झाले. सकाळी उठले की ते फोनवर हवामान बघतात, मग खिडकीबाहेर बघतात, आणि दोन्ही जुळलं तर त्यांचा चेहरा उतरतो. स्टेशनवरच्या बोर्डावर लंडनची गाडी अमुक प्लॅटफॉर्मवर येणार असं स्वच्छ लिहिलेलं असलं, तरी ते तीन माणसांना विचारून खात्री करतात. ही तीन माणसं एकमेकांपासून लांब उभी असलेली निवडायची, म्हणजे त्यांनी आपसात ठरवलेलं नसतं. कौन्सिलने घरी पाठवलेल्या कॅलेंडरवर कोणत्या दिवशी कचऱ्याचा कोणता बिन बाहेर ठेवायचा ते छापलेलं असतं. आतोबा तरीही पडद्याआडून शेजाऱ्याने कोणता बिन काढला ते बघतात. एकदा त्यांच्या लक्षात आलं की शेजारीही पडद्याआडून आपल्याकडेच बघतोय. त्या आठवड्यात दोन्ही घरांचा कचरा घरातच राहिला.

त्यांच्याबरोबर सुपरमार्केटमध्ये जाण्याचा धीर फक्त आत्याला आहे. दूध नेहमी मागच्या रांगेतलं घ्यायचं, कारण दुकानवाले जुनं पुढे सरकवतात, हे आपल्यालाही ठाऊक असतं. पण एकदा आतोबा त्या फळीसमोर इतका वेळ उभे राहिले की आत्या त्यांना शोधत आली. "मागचं ताजं असतं हे आता सगळ्यांना कळलंय," ते म्हणाले. "म्हणजे दुकानालाही कळलं असणार. त्यांनी जुनं मागे ठेवलं असेल तर?" आत्या म्हणाली, "मग पुढचं घ्या." त्यावर आतोबा आवाज खाली आणून म्हणाले, "आणि आपण हा विचार करणार, हेही त्यांनी ओळखलं असेल तर?" त्या दिवशी दोघांनी कोरा चहा घेतला. पैसे घेणाऱ्या मशिनशी तर त्यांचं उघड वैर आहे. पिशवीत काहीतरी अनपेक्षित वस्तू आहे, असं ते मशिन बाईच्या आवाजात मोठ्याने म्हणालं, तेव्हा आतोबांनी तिथल्या माणसाला बोलावून सांगितलं, "आय हॅव नेव्हर डन एनिथिंग अनएक्स्पेक्टेड इन माय लाइफ." आत्याने मान डोलावून दुजोरा दिला.

पण या सगळ्या संशयांचा राजा म्हणजे यादी. चालत्या यादीला हात लावू नये, हे आतोबांचं ब्रीदवाक्य. विमा कंपनीत असताना कधीतरी त्यांनी या एका चुकीपायी लोकांना घाम फुटलेला पाहिला होता, आणि दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं तसं ते तेव्हापासून प्रत्येक यादी फुंकून वाचतात. बाजारात गेल्यावर तुम्ही-आम्ही बटाटे घेतले की बटाट्यांवर काट मारतो. आतोबांच्या मते हा आत्मघात आहे. यादी वाचत असताना तिच्यातलं काही खोडायचं नाही. खोडायचंच असेल तर आधी तिची प्रत काढायची, प्रत बघत चालायचं आणि मूळ यादीत खोडायचं. नाहीतर सरळ खालून वर यायचं. म्हणून ते दोन याद्या खिशात घालून शेवटच्या जिनसेपासून खरेदी सुरू करतात, आणि आइस्क्रीम पहिल्यांदा घेतल्यामुळे भाजीपर्यंत येता येता ते वितळतं. "दोन दोन याद्या," आत्या म्हणते, "आणि मीठ विसरले ते विसरलेच." "मीठ विसरलं नाही," आतोबा म्हणतात, "मीठ यादीत नव्हतं. यादी तू केली होतीस."

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या सभासदांची यादी कितीतरी वर्षं आतोबांकडे होती. एका जाड वहीत त्यांनी ती हाताने लिहिलेली होती आणि दिवाळीच्या कार्यक्रमाआधी ते एकेकाला फोन करून आमंत्रण देत. फोन केला की समोरचा माणूस खरंच तोच आहे याची खात्री करायला ते दोन प्रश्न विचारत, त्यामुळे आमंत्रणाला महिनाभर लागायचा. गेल्या वर्षी नवी कमिटी आली. कमिटीने ठरवलं की हे काम आता कॉम्प्युटरवर करायचं, आणि मी इथल्याच बिझनेस पार्कमध्ये प्रोग्रॅमर असल्यामुळे ते माझ्या गळ्यात पडलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलंही. मी एका रविवारी दुपारी बसून छोटासा प्रोग्रॅम लिहिला. यादीतलं एकेक नाव घ्यायचं. माणूस गाव सोडून गेला असेल किंवा देवाघरी गेला असेल तर नाव काढून टाकायचं, असेल तर त्याला ईमेलने नावाचा पास पाठवायचा. हॉलमध्ये किती माणसं येणार ते आधी कळवावं लागतं, म्हणून प्रत्येकाला वेगळा पास. महिन्याचं काम चुटकीसरशी झालं. मी हे आतोबांकडे जेवणाच्या टेबलावर जरा जास्तच मोठ्याने सांगितलं असावं.

आतोबांनी वरणात लिंबू पिळता पिळता विचारलं, "प्रोग्रॅम मी बघू का एकदा?"

"आतोबा, मी रोज हेच करते हो," मी म्हणाले. "टेस्ट करून बघितलाय."

"कशावर केलास टेस्ट?"

"पाच नावांवर. शेवटचं नाव गेलेल्या माणसाचं ठेवलं होतं. बरोबर निघालं."

"शेवटचंच का?"

मला राग आला. वही हातातून गेली म्हणून म्हातारबुवा रुसले आहेत, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि परत जाताना गाडीत नवऱ्याला तसं बोलूनही दाखवलं. संशय हा सर्दीसारखा घरातल्या घरात पसरतो. त्यानंतर आतोबा काहीही म्हणाले तरी मला त्यात खोच दिसायला लागली.

कार्यक्रम शनिवारी होता. त्या आधीच्या बुधवारी संध्याकाळी आतोबा आणि आत्या न सांगता आमच्याकडे आले. आतोबांच्या हातात ती जाड वही होती. कोट न काढता ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मोकाशीबाई मला 'बघू' म्हणाल्या."

मोकाशी काकू म्हणजे इथल्या हॉस्पिटलमधून रिटायर झालेल्या नर्स. त्यांचे यजमान डॉक्टर मोकाशी गेल्या वसंतात गेले. दिवाळीला त्यांच्या हातच्या चिरोट्यांवाचून मंडळाचं पान हलत नसे. त्या आतोबांना सुपरमार्केटमध्ये भेटल्या, आतोबांनी सहज विचारलं की शनिवारी येताय ना, आणि काकू कोबीकडे बघत "बघू" म्हणाल्या.

"नसेल जमत त्यांना," मी म्हणाले.

"त्या बाईंना मी तीस वर्षं ओळखतो. त्या हो म्हणतात किंवा नाही म्हणतात. मग मी आणखी तिघींना फोन केले. वेगवेगळ्या निमित्तांनी, म्हणजे त्यांना संशय नको यायला. एकीला हिंगाचं विचारलं. एकीला बॉयलरवाल्याचा नंबर मागितला."

"आपला बॉयलर चांगला चालतोय," आत्या म्हणाली.

"तिघीही शनिवारबद्दल काही बोलेनात. आता सांग, या चौघींत सारखं काय आहे?"

मी आत्याकडे बघितलं. आत्या खाली बघत होती. चौघींचेही नवरे गेल्या एक-दोन वर्षांत गेले होते.

मी लॅपटॉप उघडून यादी काढली. चौघींची नावं यादीत होती, जशीच्या तशी. "हे बघा, आहेत!" मी जवळजवळ ओरडलेच. "आतोबा, तुम्हाला काय वाटतं, मी मुद्दाम त्यांना वगळलं?"

आतोबांनी चष्मा काढून पुसला. "मी सगळ्यांवर संशय घेतो," ते म्हणाले. "तुझ्यावर नाही घेत. तू हे करणार नाहीस. म्हणून तर म्हणतो, प्रोग्रॅम दाखव."

ते मला लागलं. मी प्रोग्रॅम त्यांच्यासमोर धरला. सगळ्या मिळून आठ ओळी होत्या. आतोबा स्क्रीनला कधी बोट लावत नाहीत, त्यांनी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने पाचवी ओळ दाखवली. "चालत्या यादीतून खोडते आहेस," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद अजिबात नव्हता.

मग मलाही दिसलं. यादीत नवरा-बायकोची नावं एकाखाली एक होती, नवऱ्याचं वर, बायकोचं खाली. प्रोग्रॅम डॉक्टर मोकाशींच्या नावापाशी आला, ते नाव त्याने काढून टाकलं. त्याबरोबर खालची सगळी नावं एकेक जागा वर सरकली आणि काकू डॉक्टरांच्या जागी आल्या. पण ती जागा प्रोग्रॅमने बघून संपवलेली होती. तो पुढच्या जागेवर गेला, तिथे दुसऱ्याच घरातलं कोणीतरी होतं. काकूंचं नाव यादीत राहिलं, पण त्यांच्याकडे कोणी बघितलंच नाही. ज्या घरी बायको गेली होती तिथेही चूक झाली होती, फक्त तिथे तिच्या खालच्या घरातल्या नवऱ्याचा पास चुकला, आणि त्याच्या बायकोला तिचा मिळाल्यामुळे कोणाला पत्ता लागला नाही. एकट्या राहिलेल्या बायकांच्या घरी मात्र काहीच पोचलं नाही. गेलेल्या माणसाचं नाव शेवटी ठेवून केलेल्या माझ्या टेस्टमधली गफलतही तेव्हा कळली. शेवटच्या माणसामागे सरकायला कोणी नसतंच.

मी दहावीत असताना माझे बाबा गेले. त्या संक्रांतीला नागपुरात आमच्या गल्लीत सगळीकडे हळदीकुंकू झालं आणि आईला कोणीच बोलावलं नाही. कोणी ठरवून केलं नव्हतं, ते आपोआप झालं. ती आतल्या खोलीत वाटाणे सोलत बसली होती, आणि मोठी झाल्यावर मी असं कधी कोणाचं होऊ देणार नाही, असं मी तेव्हा मनात म्हटलं होतं. आणि आता एका रविवारी दुपारी, आठ ओळींत, मी ते चौघींचं केलं होतं. मला रडू आलं. आत्याने पाठीवर हात ठेवला. आतोबा उठून खिडकीपाशी गेले आणि आमच्या शेजाऱ्याच्या बिनकडे बघत उभे राहिले.

"मी आत्ता सगळ्यांना ईमेल टाकते," मी म्हणाले. "तांत्रिक चूक झाली म्हणून."

"मुळीच नाही," आतोबा म्हणाले. "तांत्रिक चूक म्हणजे काय, हे आता शेंबड्या पोरालाही कळतं. मला असा ईमेल आला तर मी एक अक्षर खरं मानणार नाही. घरी जायचं."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मोकाशी काकूंकडे गेलो. दार त्यांच्या मुलीने उघडलं. ती इथेच जन्मलेली, नोकरी लंडनला, पण आईसाठी हल्ली बरेचदा बेसिंगस्टोकमधून काम करते. तिने आम्हाला आत घेतलं, पण बसा म्हणाली नाही.

"तुम्ही सॅटर्डेची प्रोग्रॅमसाठी आला?" ती म्हणाली. "आई येत नाही. तिला इन्व्हाइट नाही आला. ऑल दीज इयर्स तिने चिरोटे केला, आणि बाबा गेला तर इन्व्हाइट बंद. आय थॉट वी लेफ्ट ऑल दॅट इन इंडिया."

मी सगळं सांगितलं. एकेका नावावरून फिरणारा लूप, यादी, सरकलेली जागा. ती हाताची घडी घालून ऐकत होती. "सो इट्स अ बग," ती म्हणाली. "जो फक्त विडोज ना होतो. हाउ कन्व्हीनिअंट."

आतोबांच्या तोडीचा संशयी माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता, आणि तो नेमका त्यांच्यावरच संशय घेत होता. ते क्षणभर तिच्याकडे कौतुकाने बघत राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मीसुद्धा विश्वास ठेवला नसता. प्रात्यक्षिक करून दाखवतो. बिस्किटं आहेत का?"

काकू तोवर खाली आल्या होत्या. आतोबांनी कोणाचं काही ऐकून न घेता आम्हाला सोफ्यावर ओळीने बसवलं. दिव्याजवळच्या कोपऱ्यात त्यांनी एक उशी ठेवली. हे डॉक्टर. उशीच्या पलीकडे काकू, मग मुलगी, मग आत्या, शेवटी मी. स्वतः बिस्किटांची बशी घेऊन पंगतीत वाढायला निघाल्यासारखे उभे राहिले. "मी वाढपी," ते म्हणाले. "एकेका पानावर थांबणार आणि पुढे सरकणार, मागे बघणार नाही. आता डॉक्टरांपाशी आलो." त्यांनी उशी उचलून कडेला ठेवली. "डॉक्टर उठले. सगळ्यांनी एकेक जागा सरका." काकू कोपऱ्यात सरकल्या, आम्ही त्यांच्यामागे. आतोबा ठरल्याप्रमाणे दुसऱ्या जागेवर गेले, तिथे आता मुलगी होती. त्यांनी तिला बिस्किट दिलं. मग आत्याला, मग मला.

काकूंचा हात पुढे झालेला तसाच राहिला होता.

हसायचं होतं ते आम्ही कोणीच हसलो नाही. काकूंनी हात मांडीवर घेतला आणि आपण कुठे बसलो आहोत ते बघितलं. "ही यांची जागा," त्या म्हणाल्या. "मी बसत नाही इथे."

आतोबा चपापले. "माफ करा, माझ्या लक्षात…"

"नाही हो, माझ्या आत्ता लक्षात आलं. बँकेत यांच्या जागी मी. गॅसवाल्याला यांच्या जागी मी. गाडीचं, छपराचं, सगळीकडे ते उठले आणि मी सरकले. सगळे म्हणतात, छान सांभाळलंत. पण मग माझ्या जागेवर कोण आहे, ते कोणी विचारलंच नाही."

मुलीने बिस्किट बशीत परत ठेवलं आणि आईचा हात धरला. "आई, यू नेव्हर सेड," ती म्हणाली. आतोबा बशी घेऊन उभेच होते. मग त्यांनी बशी खाली ठेवली, काकूंच्या समोर जमिनीवर मांडी घातली, त्या वयात आणि त्या गुडघ्यांनी, आणि विचारलं, "मोकाशीबाई, तुम्ही कशा आहात?" आम्ही दोन तास तिथे होतो. आतोबांनी मध्ये एकही उलट प्रश्न विचारला नाही.

शनिवारी काकू आल्या. चिरोटे झाले नव्हते, वेळच नव्हता, म्हणून दुकानातली मिठाई आणली आणि त्याबद्दल सगळ्यांची बोलणी आनंदाने खाल्ली. आणखी दोघींच्या घरीही आम्ही जाऊन आलो होतो, त्याही आल्या. चौथ्या बाई मात्र त्या दोन दिवसांत लंडनजवळ क्रॉयडनला मुलाकडे राहायला गेल्या होत्या आणि आता फोन उचलत नव्हत्या, म्हणून रविवारी मी आणि आतोबा गाडीने तिकडे गेलो. हातात फराळाचा डबा होता. सोफा नव्हता आणि बिस्किटंही नव्हती, त्यामुळे मी दारातच पुन्हा सगळं सांगितलं, प्रोग्रॅम कसा चुकला, नाव कसं सरकलं, माझी चूक कशी. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, डबा घेतला, आत या म्हणाल्या, चहा केला. त्या रागावल्या नव्हत्या. तुझं लेकरू केवढं झालं, म्हणून त्यांनी माझी चौकशीही केली.

निघताना आतोबा म्हणाले, "तुम्ही एक फोन करून विचारायचं होतंत ना. मी तर आहेच."

"विचारायचं काय त्यात?" बाई म्हणाल्या. "पास आला नाही, तेव्हा मला आश्चर्य वाटलंच नाही. असं होणारच, असंच वाटलं."

परतीच्या वाटेवर फोनमधली रस्ता सांगणारी बाई डावीकडे वळा म्हणाली, मी वळले, आणि आतोबांनी हरकत घेतली नाही. आमच्या हॅम्पशरची पाटी मागे गेल्यावर ते म्हणाले, "प्रोग्रॅमवर संशय घ्यायला मला तीस वर्षं पगार मिळाला, सूनबाई. या बाईंना आपल्या माणसांवर संशय घ्यायला कोणी शिकवलं असेल?"

उत्तर मला ठाऊक होतं, आणि त्यांनाही होतं. मला आतल्या खोलीत वाटाणे सोलत बसलेली आई दिसत होती, आणि मी गाडी चालवत राहिले.